नावापुरता यज्ञ आणि हायब्रिड गाडी



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 16, श्लोक 12 ते 17.

सोळावा अध्याय आपण बहुतेक जण जरा घाईत वाचतो. सुरुवातीला दैवी संपत्तीची यादी येते, ती वाचताना मनात खुणा होत जातात: हे माझ्यात थोडं आहे, ते अजून यायचंय. मग आसुरी संपत्तीचं वर्णन सुरू होतं आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो, कारण हे नक्कीच दुसऱ्या कुणाबद्दल आहे. कंस, रावण, फार तर सोसायटीचा तो एक मेंबर. आपला काय संबंध?

पण आजचे श्लोक सावकाश वाचा. भगवंत इथे आसुरी माणसाचं नुसतं वर्णन करत नाहीत, त्याच्या मनात चाललेलं बोलणं आपल्याला ऐकवतात. सगळं 'मी' आणि 'माझं' या भाषेत. आज मी हे मिळवलं. आता ती इच्छा पूर्ण करणार. एवढं धन माझं आहेच, तेवढंही होईल. त्या शत्रूला संपवलं, बाकीच्यांनाही बघून घेईन. मी सत्ताधारी, मी उपभोगणारा, मी यशस्वी, मी सुखी. श्रीमंत आहे, चांगल्या घरातला आहे, माझ्या बरोबरीचा दुसरा कोण? मी यज्ञ करीन, दान देईन, मजेत राहीन.

यात शिंगं असलेला राक्षस कुठे दिसला? मला तरी एप्रिल महिन्यातला, अप्रेझलचं पत्र हातात आलेला एक शहाणासुरता, शिकलेला माणूस दिसतो.

आता या बोलण्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा बघा. यज्ञ करीन, दान देईन. आसुरी मनाच्या यादीत यज्ञ आणि दान आहेत! मी हा अध्याय कितीतरी वेळा वाचलाय, पण या जागी दर वेळी थांबायला होतं. भगवंत असं म्हणत नाहीत की आसुरी माणूस धर्म सोडून देतो. तो धर्म बरोबर घेऊनच चालतो. इच्छेला चांगली सोबत मिळाली की तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. म्हणून 17 व्या श्लोकात भगवंत त्याच्या यज्ञाला एक नेमकं नाव देतात: नामयज्ञ. नावापुरता यज्ञ. आत यज्ञाचा प्राण नाही, बाहेर पाटी मात्र यज्ञाची.

आजच्या चिंतनाला निमित्त झाला सत्संगातला एक मित्र. आयटीतला, माझ्याच वयाचा. त्याने विचारलं, "आम्ही एक लक्झरी हायब्रिड एसयूव्ही बघतोय. परवडते. पण मन खात नाहीये असं नाही. साधकाने अशी गाडी घ्यावी का?"

प्रश्न आवडला, कारण आपल्यापैकी अनेकांचा आहे, फक्त विचारायची लाज वाटते. देवाधर्माच्या गप्पांत मोक्षावर चर्चा होते, ईएमआयवर होत नाही. आणि रात्री अकरा वाजता मोबाईलवर आपण मोक्षाचे नव्हे, गाड्यांचे रिव्ह्यू बघत असतो.

रथ नाकारणारा आणि रथात बसणारा

आधी एक गोष्ट बाजूला ठेवूया. 'चांगली गाडी म्हणजे पाप' असं शास्त्र म्हणत नाही.

कठोपनिषदात यमराज नचिकेताला खूप काही देऊ करतात: हत्ती, घोडे, सोनं, दीर्घ आयुष्य, रथांसह अप्सरा. तो मुलगा नम्रपणे सांगतो की तुमची वाहनं तुमच्याकडेच असू द्यात, मला आत्म्याविषयी सांगा. त्याने रथ नाकारला.

आणि अर्जुन? त्याचा रथ त्या काळचा सगळ्यात भारी रथ होता. खांडववनाच्या प्रसंगी अग्निदेवाच्या सांगण्यावरून वरुणाने दिलेला, पांढरे घोडे जुंपलेला, ध्वजावर कपी असलेला. अर्जुनाने तो नाकारला नाही. भगवंतांनीही त्याला कधी म्हटलं नाही की साध्या रथातून ये. उलट स्वतः पुढे बसून लगाम हातात घेतले.

पण त्या रथाचा शेवट आठवतोय? युद्ध संपलं. श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणाले, गांडीव आणि भाते घेऊन आधी तू उतर. रोज सारथी आधी उतरायचा, आज उलटं. अर्जुन उतरला, मग भगवंत उतरले, ध्वजावरचा कपी नाहीसा झाला आणि रथ जळून भस्म झाला. भगवंतांनी समजावलं की द्रोण आणि कर्णाच्या अस्त्रांनी हा रथ केव्हाच जळालेला होता. मी बसलो होतो म्हणून तो उभा होता.

साधकासाठी गाडीचा सगळा विचार या एका प्रसंगात आहे, असं मला वाटतं. एकाने रथ सोडला, एकाने वापरला, दोघेही भगवंताचे. रथ किती किमतीचा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की पुढच्या सीटवर कोण बसलंय? आजच्या श्लोकांतल्या माणसाकडेही रथ असेल. पण लगाम त्याच्या 'मी'च्या हातात आहे.

म्हणजे तपासायचंय ते गाडीला नाही, गाडीकडे नेणाऱ्या विचाराला. आणि हा तपास इंजिनियरसारखा, आकडे घेऊन करायला हरकत नाही. भगवंतांना आकड्यांचं वावडं नाही.

यज्ञाची पाटी

मित्राचं पहिलं कारण होतं पर्यावरण. "पेट्रोल एसयूव्ही घ्यायची नाही, हायब्रिड घेतोय, म्हणजे कमी प्रदूषण."

हायब्रिड ही खरोखर सुंदर कल्पना आहे. 1997 साली टोयोटाने जपानमध्ये प्रियस विकायला आणली, ती मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली हायब्रिड. साधी, आटोपशीर गाडी. हेतू सरळ होता: कमी इंधन. आपण ब्रेक मारतो तेव्हा गाडीच्या वेगातली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये मोटर जनरेटरसारखी चालते आणि त्यातली बरीच ऊर्जा बॅटरीत परत जाते. मग गर्दीत हळू जाताना इंजिन बंद ठेवून गाडी त्याच साठ्यावर सरकते. म्हणून सतत थांबत-चालत जाण्यात, म्हणजे आपल्या वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, हायब्रिडचा फायदा भरपूर. एक्सप्रेसवेवर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, तिथे तो बराच कमी होतो.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, 'हायब्रिड' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात. स्ट्रॉंग हायब्रिड बॅटरीवर काही अंतर स्वतः चालते. अनेक लक्झरी एसयूव्हींमध्ये असते ती 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड. ती इंजिनाला थोडा हात देते, इंधन थोडंच वाचवते. पाटी मात्र दोन्हीकडे तीच. दुसरी, 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या हायब्रिड गाडीवर जीएसटी 40 टक्के आहे आणि पूर्ण इलेक्ट्रिकवर 5 टक्के. आपल्या मनाला जी गाडी पर्यावरणाची सेवा वाटते, ती कराच्या हिशेबात मोठ्या पेट्रोल गाडीच्याच रांगेत उभी आहे.

मग आम्ही कागद घेतला. मित्राची गाडी वर्षाला साधारण 12,000 किलोमीटर चालते. मोठी पेट्रोल एसयूव्ही शहरात लिटरला 10 देईल असं धरलं, तर 1,200 लिटर. लक्झरी हायब्रिड 16 देईल असं धरलं, तर 750 लिटर. वाचले 450 लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे वर्षाला एक टनाहून थोडा जास्त वाचला. छान वाटलं ना? त्यालाही वाटलं.

मी विचारलं, "आता तुझ्याकडे कुठली गाडी आहे?"

त्याच्याकडे सात वर्षं जुनी हॅचबॅक आहे. शहरात 16 देते. म्हणजे 750 लिटर.

750 वजा 750. बचत शून्य.

तो काही क्षण कागदाकडे बघत राहिला. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. 450 हा आकडा खराच होता. फक्त तुलना कशाशी करायची हे मनाने आधीच ठरवून टाकलं होतं. त्याने कधीच विकत न घेतलेल्या एका मोठ्या पेट्रोल एसयूव्हीशी तो तुलना करत होता आणि ती न घेतल्याचं पुण्य जमा करत होता. नामयज्ञ तो हाच. यज्ञातल्या वस्तू सगळ्या खऱ्या असतात, तूप खरं, समिधा खऱ्या. संकल्प तेवढा दुसराच असतो.

याचा अर्थ हायब्रिड घेणारा प्रत्येक जण दांभिक, असा मुळीच नाही. एखाद्याची जुनी डिझेल गाडी मोडीत काढायची आहे, घरात सात माणसं आहेत, रोज 50 किलोमीटर शहरातून जायचंय. त्याचा हिशेब वेगळा येईल आणि तो खरा यज्ञ असू शकेल. हिशेब करण्याआधीच उत्तर ठरलेलं होतं का, एवढं प्रामाणिकपणे बघायचं.

माझ्यासारखा कोण

दुसरं कारण होतं आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, खाली वाकून हॅचबॅकमध्ये बसणं त्रासाचं होतं. हे कारण अगदी खरं. उंच सीटवर वयस्क माणसाला चढणं-उतरणं सोपं जातं आणि बाबांना पंढरपूरला नेताना पाठ दुखू नये ही इच्छा म्हणजे सेवाच. पण बाबांचा गुडघा उंच सीट मागतो. मालिश करणारी सीट, 20 स्पीकर, काचेचं छत हे गुडघा मागत नाही. उंच सीट असलेल्या गाड्या त्या किमतीच्या पाव भागातही मिळतात. म्हणजे बाबांचं कारण 18-20 लाखांपर्यंत बरोबर चाललं, त्यापुढे ते थांबलं. पुढचे 50 लाख कोण मागत होतं?

इथे तो मित्र जे बोलला, त्यासाठी मी त्याला मनातून नमस्कार केला. म्हणाला, "बॅचमधला एक जण, कॉलेजात माझ्या नोट्स घेऊन पास व्हायचा. तो आता डिरेक्टर झालाय. त्याच्याकडे हीच गाडी आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज दिसते."

बस्स. श्लोक 15. माझ्या बरोबरीचा कोण? आणि श्लोक 14 मधला शत्रूही सापडला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही की तो कुणाचा शत्रू आहे.

मित्रांनो, असं काही आत सापडलं तर घाबरू नका. स्वतःला लाथाडूही नका. याच अध्यायाच्या पाचव्या श्लोकात, सविस्तर आसुरी वर्णन सुरू होण्याच्या आधीच, भगवंत अर्जुनाला धीर देतात की तू शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊन जन्मलायस. किती प्रेम आहे बघा! वैद्य आधी सांगतो की तू बरा होणार आहेस, मग रोगाची लक्षणं सांगतो. इच्छा दिसली, तिचं खरं नाव कळलं, याचाच अर्थ आतला दैवी भाग जागा आहे. जोवर ती 'पर्यावरण' आणि 'आई-बाबा' हे कपडे घालून फिरत होती, तोवर तिच्याशी बोलताच येत नव्हतं.

आशेचे दोर आणि अभय

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. श्लोक 12 मध्ये भगवंत म्हणतात की हा माणूस आशेच्या शेकडो पाशांनी बांधलेला असतो. त्या काळी हे रूपक होतं. आपल्या काळात हे पाश दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून वजा होतात.

हिशेब असा: गाडी 70 लाख, एक्स-शोरूम. त्यातले 20 लाख जीएसटीचेच. महाराष्ट्रात या किमतीच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 13 टक्के, म्हणजे आणखी 9 लाख 10 हजार. विमा धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत 80 लाखांच्या पुढे. मित्र 50 लाखांचं कर्ज काढणार होता, 7 वर्षांसाठी. 9 टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे 80,400 रुपये. सात वर्षांत व्याजच साडेसतरा लाख.

"दोघांच्या पगारात बसतं," तो म्हणाला. बसत होतं. त्याने रीतसर एक्सेल शीट केली होती. गृहकर्ज, मुलीची शाळा, एसआयपी, आरोग्यविमा, गाडीची सर्व्हिस, सगळं होतं. देवासाठी काढायची रक्कमही होती. मी ती शीट बघत असताना त्याची बायको चहा घेऊन आली, एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "यात माझी दोन वर्षं कुठे आहेत?"

ती गेलं वर्षभर म्हणतेय की नोकरी सोडून विशेष मुलांना शिकवण्याचा कोर्स करायचाय. दोन वर्षं पगार नसेल. मित्राचा याला कधीच विरोध नव्हता. तो म्हणायचा, "कर ना, नक्की कर." पण शीटमध्ये त्या दोन वर्षांची ओळ नव्हती. 84 महिने दोघांचे पगार येत राहणार, हे धरूनच प्रत्येक सेल भरला होता.

भोगाची इच्छा क्वचितच एकट्याला बांधते. आपल्या इच्छेचा दोर दुसऱ्याच्या पायात असतो आणि आपल्याला तो दिसत नाही, कारण आपल्या पायाला काही टोचत नाही.

आता या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकावर या. दैवी संपत्तीच्या 26 गुणांची यादी भगवंत कशाने सुरू करतात? अभय. दान, तप यांच्याही आधी अभय. आपण त्याचा अर्थ मृत्यूची भीती नसणं असा घेतो. तो आहेच. पण रोजच्या जगण्यातलं अभय कसं असतं? मॅनेजरने आकडे फिरवायला सांगितले तर "हे मी करणार नाही" म्हणता येणं. कंपनीत कपात सुरू झाल्याची बातमी आली तरी रात्री झोप लागणं. बायकोने दोन वर्षं मागितली तर हसून देता येणं. 80,000 चा हप्ता मानेवर असताना यातलं काय काय जमेल, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. एखाद्याकडे खरंच इतकं आहे की या खर्चाने त्याचं अभय तसूभरही हलत नाही आणि दानाचा हातही आखडत नाही. जनकराजा राजवाड्यात राहूनच ज्ञानी होता. पण आपण जनक आहोत की नाही हे ठरवण्याआधी बँकेचं स्टेटमेंट एकदा बघावं.

इथे मला तुकोबाराय आठवतात. गृहस्थाला ते धन कमवू नको असं सांगत नाहीत. कमाई सचोटीची असावी आणि खर्चताना मन तिच्यात अडकू नये, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांच्या घराण्यात सावकारी होती. परंपरा सांगते की तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. लोक कर्जातून मोकळे झाले आणि वसुलीच्या ओढीतून तुकोबा. देहूच्या त्याच इंद्रायणीपासून तळवड्याचं आयटी पार्क हाकेच्या अंतरावर आहे. आपल्यातले कितीतरी जण तिथे रोज जातात. एका काठावर खतं बुडवली गेली, जवळच आपण रोज नवीन खतांवर डिजिटल सही करतो. सगळं कर्ज वाईट असं नाही, घरासाठी, शिक्षणासाठी ते लागतंच. पण सही करताना देहूची आठवण एकदा यावी, एवढंच.

मग काय ठरलं?

वाचणाऱ्याला उत्सुकता असते, म्हणून सांगतो. त्यांनी ती गाडी घेतली नाही. 20 लाखांच्या आतली, साधी, स्ट्रॉंग हायब्रिड घेतली. बाबांना चढता-उतरता येतं. शहरात लिटरला 20 च्या आसपास देते, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा वर्षाला दीडशे लिटर पेट्रोल खरोखर कमी जळेल. बहुतेक पैसे साठवलेले होते, छोटंसं कर्ज दीड वर्षात फिटेल. बायको जूनमध्ये कोर्सला प्रवेश घेतेय.

मी त्याला विचारलं, "आता ती दुसरी गाडी पार्किंगमध्ये दिसली की काय वाटतं?"

तो हसून म्हणाला, "अजूनही आवडते. पण आता ती माझी परीक्षा घेत नाही."

हे उत्तर मला फार खरं वाटलं. इच्छा मेली नाही, तिच्या हातातला लगाम सुटला. दैवी गुणांच्या यादीत 'दम' आहे, म्हणजे इंद्रियांवर ताबा. तो दोन तऱ्हेने ठेवता येतो. मन मारून, दात-ओठ खाऊन ठेवला तर साध्या ब्रेकसारखी नुसती उष्णता तयार होते आणि ती घरच्यांवर निघते. मग "मी तुमच्यासाठी गाडी सोडली" हे वाक्य दहा वर्षं ऐकावं लागतं. समजून, भगवंताला सांगून थांबलं, तर तीच ऊर्जा परत जमा होते. इथे ती एका बाईच्या दोन वर्षांच्या शिक्षणात जमा झाली, आणि पुढे किती मुलांपर्यंत जाईल कोण जाणे.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं आणि ते यावंही. गाडीच्या जागी फ्लॅट असेल, परदेशातली सहल असेल, नवा फोन असेल. आज रात्री, हरिपाठ झाल्यावर, पाच मिनिटं या तीन प्रश्नांसाठी काढा:

1. ही वस्तू हवी असण्याचं जे कारण मी लोकांना सांगतो, तेच देवासमोर उभं राहून सांगू शकतो का? नसेन, तर खरं कारण कोणतं?
2. याची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण मोजणार आहे? त्या माणसाला मी विचारलंय का?
3. हे घेतल्यावर माझं अभय वाढेल की कमी होईल? दान देणारा हात मोकळा राहील का?

उत्तरं लिहून काढा. आणि मग, घ्यायचं ठरलं तर आनंदाने घ्या, गाडीची पूजा करा, पहिली फेरी देवळाकडे मारा आणि दुसरी एखाद्या अशा माणसासाठी, ज्याला दवाखान्यात न्यायला कुणी नाही. नाही घ्यायचं ठरलं तर तेही आनंदाने. न घेतल्याचा अभिमान हासुद्धा एक नामयज्ञच आहे, त्यापासूनही जपा.

आजची प्रार्थना:

हे पार्थसारथी, माझ्या इच्छा तुझ्यापासून लपवण्याची मला सवय आहे, चांगली चांगली नावं देऊन. त्यांची खरी नावं मला कळू देत. मला जे देशील त्यात तू पुढे बस, आणि जे नेशील ते नेताना मला आधी हात धरून खाली उतरव. माझ्या सुखाचा दोर कुणाच्या पायात अडकू देऊ नकोस.

उद्या श्लोक 18 ते 20 वाचूया.

राम कृष्ण हरी.